काटाबाबूंचं ल्युपिन

लाखोरीच्या वड्यांबद्दल रामाजी निकुऱ्यांची काही तक्रार नव्हती. लहानपणापासून त्यांनी ते खाल्ले होते, आणि एका बैठकीला किती खाल्ले तो आकडा त्यांची मोठी बहीण मीराबाई अजून चारचौघांत सांगत असे. तक्रार होती ती लाखोरीच्या, म्हणजे लाख डाळीच्या, पिकाबद्दल. धान कापायच्या पंधरा-वीस दिवस आधी, बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या धानशेतातलं, पाणी ओसरून नुसता ओलावा राहिला की उभ्या धानात मूठमूठ बी फेकायचं आणि घरी यायचं. नांगर नाही, खत नाही, फवारणी नाही. धान कापून नेलं की खाली लाखोरी हिरवीगार उभी. इतक्या बिनकष्टाच्या पिकात काही दम असेल, यावर रामाजींचा विश्वास बसत नव्हता. माजरीच्या कोळसा खाणीत त्यांनी एकतीस वर्षं वजनकाट्यावर ट्रक मोजले होते. निवृत्त होऊन सिंदेवाहीला घर बांधलं, दारावर स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी लावली, तरी लोक त्यांना काटाबाबूच म्हणत. हे त्यांना आवडत नसे, पण ओ मात्र ते त्याच नावाला देत.

त्यात त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन कमी आहे, अंडी खा. रामाजींनी बारा वर्षांपूर्वी अंडी-मटण सोडलं होतं, आणि सोडल्याचं इतक्या लोकांना सांगितलं होतं की आता परत धरणं अवघड होतं. मग त्यांनी मोबाईलवर शोध सुरू केला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना ल्युपिन सापडलं. ऑस्ट्रेलियात पिकतं, युरोपात खातात, शेंगांचं पीक, सोयाबीनच्या तोडीचं प्रोटीन. व्हिडिओतला माणूस पांढऱ्या दाण्यांनी ओंजळ भरून म्हणत होता, उद्याचं अन्न हेच आहे. रामाजींनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. बाराव्या वेळी बायकोला, रंभाबाईंना, शेजारी बसवून दाखवला.

"वालासारखे दिसतेत," रंभाबाई म्हणाल्या आणि गॅसवरचं दूध पाहायला उठल्या.

बियाणं कुरिअरनं आलं. चौदा किलो. पाकिटावर निळ्या फुलांचं चित्र आणि खाली 'गोड जात' असं लिहिलेलं. आता प्रश्न राहिला जमिनीचा. रामाजींच्या नावावर जमीन म्हणजे घराभोवतीची चार कुंड्या मावतील एवढी. म्हणून एका रविवारी ते मोटरसायकलवर बसून उमरबोडीला मीराबाईकडे गेले.

उमरबोडी सिंदेवाहीपासून चौदा किलोमीटर. मीराबाई तिथे मुलगा-सुनेजवळ राहत असे. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, खालच्या अंगाला तिची पाऊण एकराची बांधी होती, आणि अख्ख्या गावात लाखोरी यावी तर त्या बांधीत.

"बाई, तुही बोडीखालची बांधी मले एक साल दे," रामाजी म्हणाले. "लाखोरी नोको फेकू. मी नवीन पीक लावून राह्यलो."

"दिली," मीराबाई म्हणाली. धाकट्या भावानं काही मागितलं की ती आधी हो म्हणत असे आणि मग काय मागितलं ते ऐकत असे. "पन रामा, करिष्माचं लगन हाय ना वैशाखात. मांडवाच्या वड्याचं कसं करतं?"

खरी गोष्ट इथे होती. उमरबोडीत पोरीच्या मांडवाच्या दिवशी वडे होतात ते घरच्या बांधीतल्या लाखोरीचे. विकतची डाळ त्या दिवशी चालत नाही. तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण ज्या घरानं विकतच्या डाळीचे वडे केले त्या घराचं नाव गाव दोन पिढ्या काढतं. नात करिष्माचं लग्न कुरखेड्याच्या मुलाशी ठरलं होतं, आणि मीराबाई पोळ्यापासूनच वड्यांबद्दल बोलत होती.

"वडे माह्याकडं लागले," रामाजी छातीवर हात ठेवून म्हणाले. "बांधी तुहीच, त पीकबी तुहंच. ह्या साली पोरीच्या मांडवात प्रोटीनचे वडे खाईन गाव."

"तेलात फुटत त नाईत ना?" एवढंच मीराबाईनं विचारलं. फुटत नाहीत म्हटल्यावर तिने पेरणीसाठी राखेत ठेवलेली लाखोरी त्याच संध्याकाळी शेजारपाजारी वाटून टाकली, आणि वाटताना प्रत्येकीला सांगितलं, माह्या भावानं वड्याचं आपल्या अंगावर घेतलं.

रामाजी गाफील नव्हते, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. ते सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात जाऊन पुनम मॅडम नावाच्या तरुण शास्त्रज्ञ बाईंना भेटले. मॅडमनी पाकीट उलटसुलट पाहिलं. म्हणाल्या, "काका, एक तर याला ओल सोसत नाही, पाण्याचा निचरा हवा. दुसरं, यात कडू जाती असतात. बी कडू निघालं तर दाणे शिजवून, पाणी बदलत बदलत तीन-चार दिवस भिजवावे लागतात. त्याशिवाय खायचं नाही, तोंड सुकतं, नजर अंधुक होते."

"गोड जात आहे. पाकिटावर लिहिलंय."

"पाकिटावर बरंच काही लिहिलेलं असतं," मॅडम म्हणाल्या. रामाजींनी सगळं डायरीत टिपून घेतलं. त्यांचं टिपण फार सुरेख असे. एकदा टिपलं की ते परत वाचायची गरज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पेरायच्या दिवशी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, सात-आठ माणसं जमली. बोलावलं कोणालाच नव्हतं. त्यात पुढे होते शेजारच्या बांधीचे झिंगूजी, ज्यांना सल्ला देण्याचा आजार होता.

"फेका ना काटाबाबू, का पाहून राह्यले? ओल हाय तवरच फेका."

"याला निचरा लागतो," रामाजी म्हणाले.

"दाना हाय ना? शेंगंचाच हाय ना? मंग लाखोरीची बहीनच झाली ते. धान उभा हाय, नांगर त घालता येत नाई. आता नाई फेकलं त कवा फेकान, धान कापल्यावर? तवा बांधी दगड होते जी."

यावर बाकीच्या सात जणांनी माना हलवल्या. एका तरुण बाईनं केंद्रात बसून वेगळं सांगितलंय, हे आठ जाणत्या पुरुषांसमोर सांगायला जी हिंमत लागते ती रामाजींकडे त्या दिवशी नव्हती. शिवाय त्या मुलखात ऑक्टोबरात बांधीशी दुसरं काही करताच येत नाही, बी फेकायचं एवढंच करता येतं. त्यांनी बारा किलो बी उभ्या धानात, चिखलाच्या ओलीत, लाखोरीसारखं मूठमूठ फेकलं. छान एकसारखं फेकलं. झिंगूजींनीसुद्धा हाताची तारीफ केली.

आठ दिवसांनी दाणे फुगून करंगळीच्या नखाएवढे झाले. बाराव्या दिवशी बांधीला आंबट वास सुटला. धान कापून झालं तेव्हा खाली काहीही नव्हतं.

त्या सुगीत बोडीखाली उभं राहिलं की चहूकडे लाखोरी पसरलेली दिसे आणि मधोमध मीराबाईची बांधी टाळू भादरल्यासारखी. येणारीजाणारी बाई मीराबाईला विचारी, "बाई, औंदा काऊन नाई फेकली?" आणि मीराबाई सांगे, "भावाचं पीक हाय. उशिरा येते ते." बांधी रिकामी आहे हे विचारणारीला दिसत होतं आणि सांगणारीलाही दिसत होतं. रामाजी महिनाभर उमरबोडीला गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा कोणता, ते मात्र दर वेळी वेगळं येई.

वाट काढली ती रंभाबाईंनी, तीही भाकरी थापता थापता. "दोन किलो राह्यले ना? लोकं धुऱ्यावर तुरी नाई लावत का? तिथंच लावा. धुऱ्यावर पानी कुठी साचते?"

ही गोष्ट इतकी सोपी होती की रामाजींना ती आधी न सुचल्याचा राग आला, आणि तो त्यांनी भाकरी कडक झाली म्हणून काढला. पण दुसऱ्या दिवशी ते धुऱ्यावर गेले. बांधीचे चारही धुरे खोदून त्यांनी टिचभर अंतरावर दाणे टोकले. आणि काय सांगावं, ल्युपिन उगवलं. हाताच्या बोटांसारखी पानं, जानेवारीत कमरेएवढी झाडं, आणि वर निळसर पांढऱ्या फुलांचे तुरे. गावच्या बाया देवपूजेला फुलं तोडायला येऊ लागल्या. रामाजींचे दोन्ही गुडघे एकदम बरे झाले.

मग त्यांना वाटलं, पीक सरकारदरबारी नोंदलं गेलं पाहिजे. मोबाईलवर पीक पाहणीचं ॲप उघडलं. त्यात पिकांची लांबलचक यादी होती, तीत लाखोरी होती, जवस होता, ल्युपिन नव्हतं. रामाजी तलाठी कार्यालयात गेले.

"इतर कडधान्य टाका," तलाठी म्हणाले.

"इतर कसं? याला नाव आहे."

"काका, यादीत नाही ते नाही. धुऱ्यावर आहे ना? फुलं येतात ना? फुलझाडं टाकतो."

रामाजींनी अर्ज केला. अर्जाला जोडपत्र दिलं, जोडपत्राला फोटो. तीन खेपा झाल्यावर उत्तर आलं, आणि भविष्यातल्या अन्नाची सातबाऱ्यावर 'फुलझाडे' अशी नोंद झाली. ती प्रत त्यांनी घरी कोणाला दाखवली नाही.

पण मान मिळायचा होता तो दुसरीकडून मिळाला. माघात रानडुकरं उतरली. झिंगूजींचा हरभरा एका फेरीत गेला, पलीकडच्यांची लाखोरी नांगरल्यासारखी झाली. ल्युपिनच्या धुऱ्यावरून मात्र डुकरांचा कळप सरळ चालत गेला. एका झाडाला नुसता एक चावा होता आणि चावलेला तुकडा तिथेच टाकलेला होता.

रामाजींना आकाश ठेंगणं झालं. ग्रामसभेत उठून ते दहा मिनिटं बोलले. रानडुकराला न आवडणारं पीक! कुंपण नको, राखण नको, जागल नको! एका स्थानिक पेपरनं आतल्या पानावर त्यांचा फोटो छापला, खाली 'प्रगतिशील शेतकरी रामाजी निकुरे', आणि काटाबाबू हा शब्द अख्ख्या बातमीत कुठेही नव्हता. त्यांनी सहा प्रती घेतल्या.

सभेत झिंगूजी मागून एवढंच म्हणाले होते, "डुकरानं थुकलं ते मानसानं काऊन खावं जी?" लोक हसले होते. रामाजींनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला शेंगा वाळल्या. झोडपून, पाखडून साडेसोळा किलो दाणे भरले. नमुन्याला म्हणून रामाजींनी वाटीभर रंभाबाईंना दिले. चौथ्या दिवशी ताटात वडे आले. खुसखुशीत, खमंग, लाखोरीपेक्षा कणभर सरसच. रामाजींनी सहा खाल्ले आणि लगेच उमरबोडीला फोन लावला, "बाई, काळजी सोड." वाटीभर दाण्यांच्या वड्यांना चार दिवस का लागले, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. बायका कामाला वेळ लावतात, अशी त्यांची जुनी समजूत होती.

मांडवाच्या आदल्या दिवशी दाण्यांचं पोतं घेऊन ते एकटेच पुढे गेले. रंभाबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं येणार होत्या. रामाजींनी स्वतः उभं राहून दाणे घंगाळात भिजवले, सकाळी टरफलं काढून वाटायला दिले. मांडवात हिरवा डहाळा पडला होता, करिष्मा हळदीला बसली होती. कुरखेड्याहून नवरदेवाकडची सात-आठ मंडळी आलेली होती, आणि त्यांच्यात नवरदेवाचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, चैतरामजी पागोटं घालून खाटेवर बसले होते. मीराबाई ज्याला त्याला ओढून आणून वाटण दाखवत होती. "माह्या भावाच्या हातचं हाय."

रंभाबाई उतरल्या त्या थेट चुलीकडे गेल्या. वाटण पाहिलं, आणि रामाजींना खुणेनं बाजूला बोलावलं.

"किती दिस भिजवले?"

"रातभर. चांगले फुगले ना."

"शिजवून पानी फेकलं का?"

"काहून?"

रंभाबाईंनी आवाज खाली आणला. "आवो, मी पहिल्याच दिवशी एक दाना चाखला त जीभ जळाली. मंग शिजवले, तीन दिवस पान्यात ठेवले, आठ वेळा पानी बदललं. तवा कुठी गेला त्याचा कडूपना. तुमाले सांगतलं असतं त म्हनाले असते, माह्या पिकाले नाव ठेवते."

आता इथे थांबलं पाहिजे, कारण रामाजी पुढे जन्मभर इथेच येऊन थांबणार होते. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पंगत एकच्या पुढे. मोटरसायकल दारात होती, सिंदेवाही अर्ध्या तासावर होती, बाजारात पाहिजे तेवढी डाळ होती. विकतच्या डाळीचे वडे झाले असते, गावानं दोन-चार वर्षं टोमणे मारले असते. किंवा झिंगूजीच्या दारात उभं राहून चार पायल्या लाखोरी मागता आली असती, ती तर गावच्याच बांधीतली. फक्त बहिणीजवळ जाऊन म्हणायचं होतं, बाई, मी चुकलो.

रामाजींनी मीराबाईकडे पाहिलं. ती चैतरामजींना पेपरातला फोटो दाखवत होती. घडी घालून घालून कागद मऊ झाला होता.

"तळलं की जाते कडूपना," रामाजी रंभाबाईंना म्हणाले. "आता बोलू नोको."

एखादा वडा चाखून पाहिला असता तरी कळलं असतं. पण मांडवाचा स्वयंपाक कोणी चाखत नाही. आधी पितरांना निवद दाखवायचा, मग पंगतीला वाढायचं, त्याआधी मीठसुद्धा अंदाजानं. या रीतीचा रामाजींना त्या दिवशी फार आधार वाटला. आपल्या हातात काही नाही, रीतच तशी आहे, असं त्यांनी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. वडे तळले जात होते, तेलात एकही फुटत नव्हता.

पंगत बसली. वडे वाढले. पहिला घास चैतरामजींनी घेतला. त्यांचं चावणं मधेच थांबलं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पागोटं सावरलं. शेजारच्या माणसानं वडा तोंडातून काढून पानाच्या कडेला ठेवला. एक लहान मुलगी रडायला लागली. मग तो प्रकार पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत गेला, आणि जिथे क्षणापूर्वी गलका होता तिथे नुसता पाण्याच्या गिलासांचा आवाज राहिला.

मीराबाई परातीजवळ उभी होती. तिने एक वडा उचलला आणि खाल्ला. पंगतीच्या मधोमध उभी राहून, सावकाश, पूर्ण खाल्ला. सगळे तिच्याकडे पाहत होते. मग तिने दुसरा घेतला.

"कडूसर रायतेच ते," ती मोठ्यानं म्हणाली. "औषधी हाय. डाक्टरनं सांगतलं माह्या भावाले. एवढं मेहनतीनं पिकवलं त्यानं पोरीसाठी." तिने दुसराही संपवला. "खा जी, इवाई. चांगला हाय."

चैतरामजी भला माणूस. त्यांनी डोळे मिटून अर्धा वडा गिळला. मग मीराबाईच्या मुलानं खाल्ला, सुनेनं खाल्ला, हळदीनं माखलेली करिष्मा घरातून बाहेर आली आणि तिने आजीच्या हातातून घेऊन एक घास खाल्ला. झिंगूजींनीसुद्धा, कसलाही सल्ला न देता, खाल्ला. हळूहळू भात वाढायला सुरुवात झाली आणि लोक बोलू लागले.

रामाजी पंगतीच्या शेवटी बसले होते. त्यांच्या पानात दोन वडे होते. ते त्यांनी भाताखाली सारले, वर वरण ओतलं, आणि जेवण झाल्यासारखं करून पत्रावळीची कड दुमडून झाकून टाकली. पंगतीत वडा तोंडालाही न लावलेला एकच माणूस होता, ज्याने तो पिकवला होता तो.

मीराबाई त्यांच्यापाशी आली. तिचं तोंड कोरडं पडलं होतं, ओठ पुन्हा पुन्हा ओले करत होती, आणि भावाकडे पाहताना तिला डोळे बारीक करावे लागत होते. कोणी विचारलं तर धावपळीनं होते म्हणत होती.

"खाल्ला का रे तू?"

"खाल्ले ना, बाई. दोनी."

"बरं झालं."

पानं उचलणाऱ्या पोरी एकेक पत्रावळ टोपलीत उलटी करत इकडेच येत होत्या. मीराबाईनं त्या पत्रावळीच्या दुमडीकडे पाहिलं. खालून वड्याची तांबूस कड दिसत होती. ती हात उंच करून म्हणाली, "ते पान राहू द्या वो पोरी हो. माह्या भावाचं हाय, मी उचलते."

अडुसष्ट वर्षांची बहीण धाकट्या भावाचं उष्टं उचलायला वाकली. दुमड उघडू न देता तिने दोन्ही हातांनी ते पान धरलं आणि मांडवामागे घेऊन गेली. बाई थांब, एवढं तरी रामाजींनी म्हणायला हवं होतं. ते हात धुवायला उठले.